लिंबाचें झाड कीं पाणनेचा ?

गतवर्षीं जून महिन्यांत शाळा नुकतीच उघडली असतां जूचंद्र येथील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. प्रवेश, फी किंवा गुणपत्रक यांपैकीं कोणतेंही काम त्यांस नव्हतें. त्यांच्या घरामागील परसांत, विहिरीजवळ, दहा हात लांब व आठ हात रुंद अशी जागा मोकळी होती आणि तिच्यावरून घरांत वाद माजला होता. आजीबाईंस तेथें लिंबाचें झाड हवें होतें. नातवानें कोठल्याशा कृषिप्रदर्शनांत अझोला नांवाचा पाण्यावर तरंगणारा नेचा पाहिला होता, व त्याचें टाकें करावें असा त्याचा हट्ट होता. घरीं एक गाय व पांचसहा कोंबड्या असल्यामुळें मुलाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. "सर, दोघंही तुमचं ऐकतील, तुम्हीच काय तें ठरवा," असें म्हणून त्या गृहस्थांनीं आपलें ओझें आमच्या डोक्यावर ठेविलें. एक झाड आणि एक शेवाळासारखी दिसणारी वनस्पति यांचा तंटा तोडण्याचा प्रसंग आमच्यावर पूर्वीं कधीं आला नव्हता. जागा पाहिल्यावांचून बोलणें बरें नव्हे, म्हणून पुढच्या रविवारीं उपासना आटोपल्यावर आम्ही जूचंद्रास गेलों.

हें गांव वसई व दिवा यांस जोडणाऱ्या लोहमार्गावर, नायगांवच्या पूर्वेस वसलें आहे. चंडिकादेवीचें देऊळ व रांगोळी काढणारे कलावंत यांमुळें त्याचें नांव दूरवर माहीत आहे. परंतु बाग लावूं इच्छिणाऱ्यानें तेथील आणखी एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. ती म्हणजे आसपासचीं मिठागरें. ज्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या खाडीचें पाणी अडवून मीठ पिकविलें, त्या मुलखांतील प्रत्येक परसाची माती व प्रत्येक विहिरीचें पाणी गोडें असेलच, असें गृहीत धरतां येत नाहीं.

परसांत पाऊल टाकतांच आजीबाईंनीं आम्हांस दोन वाळलेलीं खोडें दाखविलीं. एक रोप तीन वर्षांपूर्वीं लावलें होतें, दुसरें त्याच्या मागून वर्षानें. दोन्हीहि गेलीं. "आमच्या हाताला लिंबाचं यश नाही," असें त्या म्हणाल्या, व तें म्हणतांना त्यांचा आवाज जरा जड झाला. पहिलें रोप त्यांच्या दिवंगत यजमानांनीं लावलेलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें.

आम्हीं एक खोड उपटून पाहिलें. मुळांची साल कुजून मोकळी झाली होती. चिमटींत धरून ओढतांच ती मोज्यासारखी निघून आली व आंत नुसता तंतु राहिला. कारण शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. भाताच्या जमिनींतील चिकणमातीमध्यें खोल खड्डा खणून रोप जमिनीच्या पातळीखालीं लावलेलें होतें. जुलै महिन्यांत असा खड्डा म्हणजे पाण्यानें भरलेली वाटीच. मुळांस श्वासोच्छ्वास करावा लागतो, ही गोष्ट आमचे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात, पण झाड लावतांना ती कोणाच्याच ध्यानीं राहत नाहीं. पाणी सांचलेल्या मातींतून प्राणवायु नाहींसा होतो, मूळ गुदमरतें, आणि अशा दुबळ्या मुळावर फायटॉफ्थोरा नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव चाल करून येतो. लिंबाच्या बुंध्यांतून डिंक गळतो तो डिंक्या रोग याच जीवाचा.

दुसरें कारण विहिरींत होतें. आम्हीं तांब्याभर पाणी स्वच्छ पातेल्यांत आटवावयास सांगितलें. तळाशीं पांढरा थर उरला. आजीबाईंनीं त्याला बोट लावून जिभेवर ठेविलें आणि त्या कांहीं न बोलतां सुनेकडे पाहूं लागल्या. हेंच पाणी उन्हाळाभर त्यांनीं आपल्या हातांनीं रोपास घातलें होतें.

येथें थोडें विषयांतर करावेंसें वाटतें, कारण हा प्रश्न एका परसाचा नाहीं. समुद्राकांठच्या जमिनीखालीं गोडें पाणी व खारें पाणी अशीं दोन्ही असतात. गोडें पाणी हलकें, म्हणून तें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून अवघें चाळिसांश भारी असतें. त्यावरून असा हिशेब निघतो कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक हात वर असेल तर खालीं सुमारें चाळीस हात खोलीपर्यंत तें पुरतें. उलट विहिरीचें पाणी उपसून ती पातळी एक हात खालीं नेली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस हात वर चढूं पाहतें. हॉलंडचा गायबेन व जर्मनीचा हर्झबर्ग या दोघांनीं हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं स्वतंत्रपणें मांडला. वसईच्या वाड्यांवर पूर्वीं रहाट फिरत असे. बैल जेवढें ओढी तेवढेंच पाणी निघे. पुढें पंप आले, मागून टँकर आले, आणि विहिरी शहराच्या तहानेस लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं इ. स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची जी चळवळ उभारली, तिच्यामागें हीच पाण्याची काळजी होती. असो.

आतां लिंबाकडे वळूं. महाळुंग, पपनस व संत्र्याची मूळ जात हीं या कुळांतील खरीं जुनीं घराणीं; बाकीचीं बहुतेक फळें त्यांच्या आपसांतील सोयरिकींतून जन्मलीं. या कुळाचें माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या बाजूस होतें, असें इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांतून दिसून आलें. आपलें कागदी लिंबू हें महाळुंग व आग्नेय आशियांतील एक रानटी जात यांचें अपत्य होय. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातांत जें फळ आहे तें महाळुंगच.

लिंबाच्या बियांत एक चमत्कार आहे. एक बीं पेरिलें तर पुष्कळदां दोन किंवा तीन अंकुर निघतात. त्यांपैकीं बरेचसे परागकणांवांचून, आईच्याच पेशीजालापासून झालेले असतात. म्हणजे तीं रोपें आईचीं हुबेहूब प्रतिरूपें होत. म्हणूनच कागदी लिंबाचें रोप बियांपासून केलें तरी फळ बहुधा बिघडत नाहीं. आंब्याची कोय लावून पाहणाऱ्यांस यांतील भेद कळेल. शाळेंतील मुलांनीं दहा बिया पेरून अंकुर मोजावे. वहींत लिहून घेण्याजोगा हा प्रयोग आहे.

त्याच्या गुणांविषयीं काय सांगावें ! इ. स. १७४७ मध्यें जेम्स लिंड नांवाच्या आरमारी वैद्यानें हिरड्या सडवून माणूस मारणाऱ्या स्कर्व्ही रोगाचे बारा खलाशी निवडले व दोघांदोघांस निरनिराळीं औषधें दिलीं. ज्या दोघांस संत्रीं व लिंबू मिळालें ते सहा दिवसांत उठूं लागले. तरीहि इंग्रजांच्या आरमारानें लिंबाचा रस सर्वत्र सुरू करण्यास इ. स. १७९५ उजाडलें. अठ्ठेचाळीस वर्षें ! सरकारी कारभार सर्वत्र सारखाच.

परंतु लिंबू हें उतावळ्या माणसाचें झाड नव्हे. कलम असेल तर तिसऱ्याचौथ्या वर्षीं, बियांचें रोप असेल तर पांचव्यासहाव्या वर्षीं फळाची आशा करावी. लूकच्या शुभवर्तमानांत तीन वर्षें फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. मालक तोडावयास निघाला, आणि माळ्यानें आळें खणून खत घालण्यासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें. लिंबाच्या बाबतींत त्या माळ्याची बाजू शास्त्रशुद्ध ठरते.

त्याला शत्रूही पुष्कळ. आमच्या कोंकणपट्टींत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे थेंब आणि वारा यांबरोबर खैऱ्या रोगाचे जंतु पानांवरून फळांवर जातात व खडबडीत तपकिरी ठिपके उठतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची साई सरबती ही जात या रोगास पुष्कळ अंशीं दाद देत नाहीं, म्हणून आमच्या बाजूस ती बरी. दुसरा शत्रु फार देखणा आहे. काळ्यापिवळ्या ठिपक्यांचें मोठें फुलपाखरूं कोंवळ्या पालवीवर एकेक अंडें घालून जातें. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळें पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहींत; मोठी झाली म्हणजे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली असतां डोक्यामागून नारिंगी रंगाचीं दोन शिंगें बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान रोप असेल तर अशा चारसहा अळ्या तें आठवड्यांत बोडकें करितात. हातांनीं वेंचणें हाच परसांतील उत्तम उपाय.

बुंध्याच्या रक्षणास बोर्डो मलम लावावें : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करावीं. भांडें प्लास्टिकचें किंवा मातीचें असावें, लोखंडाचें नसावें. मिश्रणांत चाकूचें पातें क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां, बुंध्यास दोन हात उंचीपर्यंत हें लावावें. घरच्या झाडास याच्या दहाव्या हिश्शानें काम भागतें.

आतां नातवाचा पक्ष. अझोला हा नेचा आहे; त्यास फूल नाहीं, बीं नाहीं. एकेक रोपटें नखाएवढें, त्रिकोणी, खवल्यांसारख्या पानांचें. पाण्यावर पसरला म्हणजे जणूं कोणी जूचंद्रकरानें हिरवी रांगोळी घातली आहे असें वाटतें, आणि थंडींत किंवा कडक उन्हांत तीच रांगोळी तांबूस होते. त्याच्या पानाच्या पोकळींत एक सूक्ष्म निळेंहिरवें शेवाळ राहतें. हवेंतील नत्र पकडून तें नेच्यास देतें, व नेचा त्यास घर देतो. ही भाडेकरूंची जोडी कोट्यवधि वर्षें मोडलेली नाहीं. नवें रोपटें होतें तेव्हां शेवाळ वारशानेंच बरोबर येतें. चीन व व्हिएतनाम येथील शेतकरी भातखाचरांत हा नेचा शतकानुशतकें खतासाठीं वाढवीत आले. इ. स. २००४ मध्यें उत्तर ध्रुवाजवळ समुद्रतळ खणून पाहतां सुमारें चार कोटी नव्वद लक्ष वर्षांपूर्वींच्या थरांत अझोलाचे अवशेष विपुल सांपडले. त्या काळीं तो समुद्र गोड्या पाण्याच्या थरानें झांकला जाऊन त्यावर हा नेचा पसरला होता.

टाकें करणें सोपें आहे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल चौकट विटांची करून तींत जाड प्लास्टिकचें कापड अंथरावें. दहापंधरा किलो चाळलेली माती, पाण्यांत कालविलेलें दोन किलो शेण, तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट, व चार बोटें पाणी. त्यांत अर्धा ते एक किलो अझोला सोडला म्हणजे दहापंधरा दिवसांत टाकें भरतें व पुढें रोज अर्धा किलोपर्यंत काढतां येतो. दर दहा दिवसांनीं चौथा हिस्सा पाणी बदलावें, महिन्यानें थोडी माती बदलावी. उन्हाची तिरीप पाहिजे, पण दुपारची भाजणी नको. खारें पाणी यालाही मानवत नाहीं; या एका बाबतींत आजी व नातू यांचे पक्ष समान दुबळे निघाले.

मुलानें आम्हांस मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, अझोल्यांत पंचवीस टक्के प्रथिनें असतात, सबब गाईची पेंड बंद करतां येईल. आम्हीं त्यास पाटी घेऊन बसविलें. पंचवीस टक्के हें वाळलेल्या अझोल्याचें प्रमाण. ताज्या अझोल्यांत शेंकडा त्र्याण्णव किंवा चौऱ्याण्णव भाग पाणीच असतें. अर्धा किलो ताज्या मालांत कोरडा भाग तीस ग्रॅम. त्याचा चतुर्थांश म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिनें. गाईला हें म्हणजे उंटाच्या तोंडांत जिरें. तिला रोज दीडदोन किलो द्यावयाचा तर अशीं चार टाकीं पाहिजेत, आणि तरीही पेंड पुरती सुटणार नाहीं. कोंबड्यांना मात्र एक टाकें उत्तम. मुलगा खट्टू झाला, पण त्यानें पाटीवरचा हिशेब पुसला नाहीं; तो वहींत उतरून घेतला. आम्हांस तो मुलगा त्या वेळेपासून आवडूं लागला.

त्यानंतर त्यानें कोपऱ्यांतील एक बादली आणून दाखविली. "सर, बी आधीच मिळवलंय." मित्राच्या घरच्या माशांच्या पेटींतून त्यानें मूठभर रोपें आणून वाढविलीं होतीं, बादली कांठोकांठ भरली होती, आणि वाढलेलीं रोपें पावसाळ्यांत गांवच्या तळ्यांत सोडावयाचा त्याचा बेत होता. आम्हीं बादलींत पाहिलें, आणि अंगावर कांटा आला. तो अझोला नव्हता. पानें अंगठ्याच्या पेराएवढीं, लांबट, जोडीजोडीनें आलेलीं; वरच्या बाजूस बारीक केसांचें लव, ज्यावर पाण्याचा थेंब ठरत नाहीं; आणि खालीं मुळांसारखें दिसणारें, पण वस्तुतः रूपांतर पावलेलें तिसरें पान. हा साल्व्हिनिया.

आमच्या भीतीस कारण होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्हींच असा एक देखणा तरंगता नेचा एका प्रदर्शनांतून कुंडींत घालून आणला व शाळेच्या हौदांत सोडला. पहिल्या महिन्यांत सर्वांनीं वाहवा केली. जुलैंत हौद भरून वाहिला, आणि नेचा गटारांतून शेजारच्या डबक्यांत गेला. दोन पावसाळे आम्ही व मुलें गुडघाभर चिखलांत उभे राहून तो बाहेर काढीत होतों. आधीं डबक्यांतले मासे मेले, मग वास सुटला, मग शेजाऱ्यांचीं बोलणीं ऐकलीं. तीं रास्त होतीं.

साल्व्हिनिया मोलेस्टा ही जात मूळ ब्राझीलची. ती वांझ आहे, तिला प्रजोत्पादक बीजाणू होत नाहींत. पण तुटलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवें रोप होतें आणि अनुकूल हवेंत आठवड्याच्या आंतबाहेर तिचा पसारा दुप्पट होतो. खालच्या पाण्यास उजेड व प्राणवायु मिळत नाहीं. आफ्रिकेंत झांबेझी नदीवर करीबा धरण बांधलें, तेव्हां इ. स. १९५९ पासून त्या नव्या सरोवराचा शेंकडों चौरस किलोमीटर भाग हिनें झांकून टाकिला. केरळांत हिला आफ्रिकन पायल म्हणतात; तेथें भातखाचरें व होड्यांचे मार्ग बंद पडले. तोड शेवटीं एका कीटकानें काढली. दक्षिण ब्राझीलमधील तीन मिलिमीटरांच्या आंतबाहेरचा एक सोंडकिडा या नेच्याचे कोंब कुरतडतो. इ. स. १९८० मध्यें ऑस्ट्रेलियांतील मूंडारा सरोवरांत तो सोडला आणि वर्षसव्वा वर्षांत हजारों टन नेचा नाहींसा झाला. तेथून तो आपल्या देशांत आणून इ. स. १९८३ च्या सुमारास बंगळूर येथील एका कमळतळ्यांत व नंतर केरळांत सोडण्यांत आला. तेथेंही त्यानें आपलें काम केलें. पण किडा आणून सोडणें हें शास्त्रज्ञांचें काम आहे. आपलें काम इतकेंच कीं, माशांच्या पेटींतलें पाणी व पाला गटारांत किंवा तळ्यांत ओतूं नये. तो उन्हांत कडकडीत वाळवावा व मग खतांत घालावा. अझोला आपल्या देशांतील आहे, तरी त्याचेंही टाकें उघड्या गटारास जोडूं नये.

मुलानें ती बादली आमच्यादेखत गोणपाटावर उपडी केली. त्याचें तोंड उतरलें होतें. तळें वांचलें हें त्यास तेव्हां पटलें कीं नाहीं, कोण जाणे.

निवाड्यास फार वेळ लागला नाहीं. परसाची जागा आम्हीं आजीबाईंना दिली. पण लिंबू खड्ड्यांत नव्हे, ओट्यावर लावावयाचें ठरलें. भोंवतालच्या जमिनीपासून दीड हात उंच, चार हात रुंद असा मातीचा उंचवटा करून त्यांत शेणखत व विटांचा चुरा मिसळला, आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलें कलम लावलें. कारण हा खुंट या कुळांत खारेपणा बराच सोसतो. सांधा मातीच्या वर ठेविला. आळें बुंध्यास लागून केलें नाहीं. आंत एक मातीची वरंब अशी ठेविली कीं पाणी खोडास भिडूं नये. उन्हाळ्यांतील पाण्यासाठीं घराच्या पत्र्याखालीं पिंपें मांडलीं. शंभर चौरस फूट पत्र्यावर एके दिवशीं पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचारशें लिटरांहून अधिक पाणी उतरतें. पिंपें लवकर भरलीं, आणि डांस होऊं नयेत म्हणून त्यांच्या तोंडावर जुन्या साडीचें कापड घट्ट बांधलें.

मुलाला पूर्वेच्या भिंतीकडची चिंचोळी पट्टी मिळाली. लिंबाजवळ टाकें करूं नये असें आम्हींच बजावलें. लिंबाची सावली पुढेंमागें अझोल्यास सोयीची झाली असती हें खरें. पण मोरचुदाचा एक ओघळ टाक्यांत गेला तर पानांत राहणारें तें शेवाळ मरतें, आणि भाडेकरू गेला कीं घरही जातें. टाक्यांतून काढलेलें जुनें पाणी व माती मात्र लिंबाच्या आळ्यांत जातें. आणखी एक अट घातली : मे महिन्यांत आजोळीं जावयाचें झाल्यास टाकें कोणाच्या तरी हवालीं करावें. लिंबाचें झाड पंधरा दिवस वाट पाहतें, अझोला पाहत नाहीं; न काढला तर एकावर एक चढून कुजतो.

हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्ही पुन्हां एकदां जूचंद्रास जाऊन आलों. टाकें एकदां डिसेंबरांत किडे पडून बसलें होतें. मुलानें तें धुऊन पुन्हां भरलें आहे व कोंबड्या त्याच्या पावलांचा आवाज ओळखतात. लिंबास तीन हात उंचीचा शेंडा आला आहे. फळ अर्थातच नाहीं. आजीबाई रोज सकाळीं चष्मा लावून पानें उलटीं करून पाहतात, आणि सांपडलेल्या अळ्या मारावयास मन होत नाहीं म्हणून वाटींत घालून देवळाच्या वाटेवरील बेलाच्या झाडावर नेऊन सोडतात. त्या फुलपाखराच्या अळीस बेलाचा पालाही चालतो, हें त्यांस आम्हीं सांगितलेलें नव्हतें. मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं विहिरीचें तांब्याभर पाणी पुन्हां आटवून पाहावयाचें ठरलें आहे. पातेलें मुलानें आतांच बाजूला काढून ठेविलें आहे.